सगळे हसले, म्हणून तोही हसला

डॅरेन सॅमीच्या नेतृत्वाखाली वेस्ट इंडिजने दोन टी-ट्वेन्टी विश्वचषक जिंकले, २०१२ मध्ये कोलंबोत आणि २०१६ मध्ये कोलकात्यात. सेंट लुशियासारख्या चिमुकल्या बेटावरून आलेला हा उंचापुरा, हसतमुख माणूस भारतातही लोकांना आवडायचा. मधल्या काळात २०१३ आणि २०१४ असे दोन हंगाम तो आयपीएलमध्ये सनरायझर्स हैदराबादकडून खेळला. दुसऱ्या हंगामाच्या उत्तरार्धात संघाचं कर्णधारपदही त्याच्याकडे आलं.

जून २०२० च्या पहिल्या आठवड्यात याच सॅमीने इन्स्टाग्रामवर एक मजकूर टाकला. हैदराबादच्या संघात मला आणि श्रीलंकेच्या थिसारा परेराला 'काळू' म्हणायचे, दमदार घोडा असा काहीतरी त्याचा अर्थ असेल असं मी धरून चाललो होतो, खरा अर्थ आत्ता कळला आणि मला राग आलाय, असा त्याचा आशय. पाठोपाठ त्याने एक चित्रफीतही टाकली. त्यात त्याने कुणाचं नाव घेतलं नाही. ज्यांनी म्हटलं त्यांना ते ठाऊक आहे, त्यांच्याकडे माझा नंबर आहे, त्यांनी माझ्याशी बोलावं, एवढीच त्याची मागणी होती. त्याच चित्रफितीत त्याने सांगितलेली एक बारीक गोष्ट मला या प्रकरणाचा गाभा वाटते. त्या नावाने हाक मारली की आसपास हशा पिकायचा. आपलेच सहकारी हसतायत म्हणजे काहीतरी मजेचं असणार, असं त्याला वाटायचं.

घडलं ते असं

२५ मे २०२० रोजी अमेरिकेतल्या मिनियापोलिसमध्ये एका गोऱ्या पोलिसाच्या गुडघ्याखाली जॉर्ज फ्लॉइड या काळ्या माणसाचा जीव गेला आणि जगभर लोक रस्त्यावर आले. क्रिकेटमधून सर्वांत आधी बोलणाऱ्यांपैकी सॅमी एक होता. आयसीसी आणि क्रिकेट मंडळं गप्प का, असा जाहीर प्रश्न त्याने विचारला. याच दिवसांत भारतीय वंशाचा अमेरिकी विनोदवीर हसन मिनहाज याचा एक भाग त्याच्या पाहण्यात आला. मिनहाजने त्यात आपल्याच लोकांना धारेवर धरलं होतं. दक्षिण आशियाई घरांत काळ्या माणसाविषयी कसं बोलतात, कोणते शब्द सहज तोंडी असतात, ते त्याने सांगितलं. त्यातला एक शब्द सॅमीच्या ओळखीचा निघाला.

सुरुवातीला बऱ्याच जणांनी कानांवर हात ठेवले. इरफान पठाण, पार्थिव पटेल अशा माजी सहकाऱ्यांनी, आपण असं काही ऐकलं नाही, असं सांगितलं. मग कुणीतरी जुनी पोस्ट उकरून काढली. १४ मे २०१४ रोजी संघातल्याच इशांत शर्माने इन्स्टाग्रामवर एक छायाचित्र टाकलं होतं. त्यात तो स्वतः, भुवनेश्वर कुमार, सॅमी आणि डेल स्टेन. खाली चौघांची नावं होती: मी, भुवी, काळू आणि गन. भुवनेश्वरच्या वाट्याला त्याच्याच नावाचा लाडका तुकडा आला. स्टेनच्या वाट्याला त्याची गोलंदाजी आली. सॅमीच्या वाट्याला कातडी आली. हे सगळं उघड्यावर, हजारो चाहत्यांसमोर होतं आणि सहा वर्षांत कुणालाही ते खटकलं नव्हतं. लपवाछपवी नव्हती, कारण लपवण्यासारखं काही आहे असं कुणाला वाटलंच नव्हतं.

आणखी एक गोष्ट सापडली. २०१४ च्या नोव्हेंबरात व्ही. व्ही. एस. लक्ष्मणला वाढदिवसाच्या शुभेच्छा देताना सॅमीने ट्विटरवर स्वतःलाच 'काळू' म्हणवून घेतलं होतं. लक्ष्मण तेव्हा संघाचा मार्गदर्शक होता. काहींनी लगेच हा पुरावा सॅमीवरच उलटवला: बघा, त्यालाही आवडत होतं की! मला तर ते ट्विट वाचून पोटात कालवलं. माणसाने ते नाव आपुलकीची खूण म्हणून अंगावर घेतलं होतं आणि ते नाव कसलं आहे हे त्याला सोडून बाकी सर्वांना ठाऊक होतं.

परेराचं थोडं वेगळं आहे. सिंहली भाषेत काळ्यासाठी जवळपास हाच शब्द आहे, तेव्हा त्याच्या कानांवर तो काही अनोळखी पडला नसणार. खरा अंधारात होता तो सॅमीच.

काही दिवसांनी सॅमीने लिहिलं की त्या सहकाऱ्यांपैकी एकाशी त्याचं बोलणं झालं. आपण प्रेमानेच म्हणत होतो, असं त्या भावाने सांगितलं आणि सॅमीने त्याच्यावर विश्वास ठेवला. चुकांवर बोट ठेवत बसण्यापेक्षा लोकांना शहाणं कसं करता येईल ते आता पाहू, असंही त्याने म्हटलं. बातमीच्या दृष्टीने प्रकरण तिथे मिटलं.

थट्टेचं नातं

प्रेमाने म्हणत होतो, हे खोटं होतं असं मी मानत नाही. खेळाडूंच्या खोलीत थट्टा हा वंगणासारखा ऐवज असतो. दोन महिने वीस-पंचवीस पुरुष, निम्मे एकमेकांना अनोळखी, भाषा पाच-सहा, हॉटेल-बस-मैदान-हॉटेल. यातले तरुण कोट्यधीश, यातले काही बाकावर बसून कंटाळलेले. अशा घोळक्याचा संघ व्हायला वेळ मिळत नाही, तेव्हा टोपणनावं पाडली जातात. टोपणनाव मिळालं की माणूस आतला झाला. शाळेत, तालमीत, बँकेच्या शाखेत, सैन्यात हेच चालतं. आपल्याकडे तर टकल्या, जाड्या, ढापण्या ही नावं म्हातारपणापर्यंत सोबत करतात आणि चाळीस वर्षांनी भेटलेला मित्र त्याच नावाने मिठी मारतो.

मानवशास्त्रज्ञ रॅडक्लिफ-ब्राउन याने १९४० च्या एका लेखात थट्टेच्या नात्यांची चर्चा केली आहे. काही नात्यांत एकाने दुसऱ्याची टर उडवायची मुभा असते, कधी कधी तर तशी अपेक्षाच असते, आणि दुसऱ्याने राग मानायचा नाही असा दंडक असतो. मराठी वाचकाला हे समजावून सांगायची गरजच नाही. दीर-भावजय, मेहुणा-मेहुणी, लग्नात एकमेकींच्या घराण्याचे वाभाडे काढणाऱ्या दोन्हीकडच्या बायका. जिथे नात्यात ताण असतो आणि तोडूनही चालत नाही, तिथे समाज थट्टेची सोय करून ठेवतो. ती लटकी चकमक झाली की खरी चकमक टळते.

पण त्याच लेखात त्याने एक भेद केला आहे. काही थट्टेची नाती दुतर्फी असतात, मी तुला आणि तू मला. काही एकतर्फी असतात, म्हणजे एकाने बोलायचं आणि दुसऱ्याने फक्त सोसायचं. हैदराबादच्या खोलीत काय होतं? सॅमी ज्या कॅरिबियन बेटांवरून येतो तिथे थट्टेची मोठी परंपरा आहे. त्रिनिदादमध्ये तिला पिकाँग म्हणतात. कॅलिप्सो गायक भर मंचावर एकमेकांचे रंग, नाकं, बायका, गावं यांवरून तासंतास हजेरी घेतात आणि जो फटकन उलट उत्तर देतो तो जिंकतो. अशा प्रदेशातल्या गड्याला थट्टेचं वावडं असणं कठीण. पण पिकाँगची पहिलीच अट ही की समोरच्याला बोलणं कळलं पाहिजे आणि उलट टोला हाणता आला पाहिजे. सॅमीला तेवढी संधीच नव्हती. तो खेळात होता, पण खेळाडू म्हणून नव्हता, चेंडू म्हणून होता.

पहिल्याच दिवशी कुणी जवळ बसून सांगितलं असतं, की बाबा रे, याचा अर्थ काळ्या असा होतो, आमच्याकडे रस्त्यावरच्या कुत्र्यालाही हे नाव ठेवतात, तर काय झालं असतं? कदाचित सॅमी खदखदून हसला असता आणि त्याने इशांतसाठी एखादं तसंच झणझणीत नाव शोधलं असतं. मग ते थट्टेचं नातं झालं असतं. कदाचित त्याने बजावलं असतं, मला असं म्हणू नका. दोन्हींपैकी काहीही झालं तरी ठीक होतं. पण दोन हंगामांत कुणी सांगितलं नाही. सांगितल्यावर ती गंमत तशीच चालू ठेवता येणार नाही, हे कुठेतरी मनात असल्याशिवाय असं मौन इतकं टिकत नाही.

तिसरा माणूस

विनोदावर लिहिताना फ्रॉइडने १९०५ मध्येच एक हिशेब मांडला होता. कुणाला तरी लक्ष्य करणाऱ्या विनोदाला तीन माणसं लागतात: करणारा, ज्याच्यावर केला तो, आणि ऐकून हसणारा. करणाऱ्याला खरी गरज असते ती तिसऱ्याची. तो हसला नाही तर विनोद जमिनीवर आपटतो आणि मागे उरते ती नुसती शिवी.

आपण अशा प्रकरणांत जवळजवळ नेहमी पहिल्या माणसाच्या मनात शिरतो. त्याचा हेतू काय होता? तो वंशवादी आहे का? मग त्याचे मित्र साक्ष देतात की तो फार दिलदार आहे, सॅमीला तो घरी जेवायलाही नेईल. असेलही. दुसऱ्या माणसाकडे आपण थोडं पाहतो, तेही संशयाने: तेव्हा का बोलला नाही, आत्ताच का, सहा वर्षं काय झोपला होता? तिसऱ्याकडे मात्र कुणाची नजर जात नाही. हैदराबादच्या संघात हिंदी समजणारे किती जण असतील! त्यांतला प्रत्येक जण, स्वतः एकदाही तो शब्द न उच्चारता, नुसता ओठांतल्या ओठांत हसून त्याची नोंदणी करत होता. सॅमीने अर्थ लावला तोही याच लोकांच्या चेहऱ्यांवरून. शब्द त्याला परका होता, पण हसू त्याच्या ओळखीचं होतं.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ थॉमस फोर्ड आणि त्याच्या सहकाऱ्यांनी या तिसऱ्या माणसावर बरंच काम केलं आहे. त्यांचा निष्कर्ष सरळ आहे. एखाद्या गटाला कमी लेखणारा विनोद ऐकून भल्या माणसाच्या मनात द्वेष उगवत नाही. पण ज्याच्या मनात आधीच थोडा आकस आहे, त्याला असा विनोद सांगतो की इथे चालतं. एका प्रयोगात, बायकांविषयी मनात अढी असलेल्या पुरुषांनी बायकांना हिणवणारे विनोद ऐकल्यावर एका महिला संघटनेसाठी कमी पैसे द्यायची तयारी दाखवली. तशीच अढी असलेले, पण साधे विनोद ऐकलेले पुरुष तसे वागले नाहीत. गंमत म्हटलं की परीक्षा घ्यायची नसते, या समजुतीचा फायदा आकस असलेला माणूस घेतो, आणि हसणारा भला माणूस तो त्याला मिळवून देतो.

इथे एक उलटी बाजूही आहे आणि ती मला फार गमतीची वाटते. सॅमीला अर्थ कुणी सांगितला? ना संघाच्या व्यवस्थापकाने, ना समालोचकांनी, ना क्रिकेटवर लिहिणाऱ्यांनी. सांगितला एका विनोदवीराने. मिनहाजने तो भाग बराचसा गंभीरपणेच केला होता, तरी त्याला तसं बोलायची मुभा मिळाली ती विनोदवीर म्हणून. आपल्याच काका-मावश्यांची खोड काढण्याचा परवाना त्याच्याकडे होता. हसणाऱ्या घोळक्यात बसून तोच घोळक्याकडे बोट दाखवू शकला.

घरातला रंग

सॅमीच्या बाबतीत आपल्याकडे आलेली पहिली सबब अपेक्षित होती: आम्ही एकमेकांनाही काळू म्हणतो की, मग यात वंशवाद कसला? आमचा विठोबा काळा, मांढरदेवीची काळूबाई आमची देवी. ही सबब फक्त भाबडी आहे असं नाही, तिच्यात तथ्यही आहे. आपल्याकडे काळा रंग पूजेतही आहे. पण स्थळं पाहताना विठोबाचा रंग कुणी मागत नाही.

सलामीवीर अभिनव मुकुंदने ऑगस्ट २०१७ मध्ये जाहीरपणे लिहिलं की लहानपणापासून खेळण्यासाठी देशभर फिरताना आपल्या रंगाविषयी लोकांचं जे वेड दिसलं त्याचं कोडं त्याला कधी उलगडलं नाही. उन्हात दिवस दिवस खेळणाऱ्या मुलाचा रंग रापणार, यात बोलण्यासारखं ते काय! माजी फिरकी गोलंदाज लक्ष्मण शिवरामकृष्णनने २०२१ मध्ये सांगितलं की रंगावरून हिणवणं आपण आयुष्यभर सोसलं, तेही आपल्याच देशात. दोघेही चेन्नईचे, हा योगायोग नव्हे. इरफान पठाणने सॅमी प्रकरणाच्या वेळीच कबूल केलं होतं की देशांतर्गत सामन्यांत उत्तरेकडच्या काही मैदानांवर दक्षिणेतल्या खेळाडूंना असं ऐकावं लागायचं. त्याचं स्पष्टीकरण असं, की गर्दीत कुणीतरी एक जण विदूषक बनतो, लोकांना हसवायला जातो आणि मर्यादा ओलांडतो. पुन्हा तोच हिशेब. विदूषक एक, पण त्याला विदूषक करते ती गर्दी. ऑक्टोबर २००७ मध्ये वडोदरा आणि मुंबईत ऑस्ट्रेलियाच्या अँड्र्यू सायमंड्सला पाहून माकडाचे आवाज आणि हावभाव झाले, तेव्हा वानखेडेवरून काही प्रेक्षकांना बाहेर काढावं लागलं होतं. ते आवाज काढणारे मूठभर असतील. आसपासचे स्टँड मात्र भरलेले होते.

याच जून २०२० मध्ये, फ्लॉइडच्या मृत्यूनंतरच्या त्याच वादळात, हिंदुस्तान युनिलिव्हरने आपल्या गाजलेल्या क्रीमच्या नावातून 'फेअर' काढून टाकायचं ठरवलं आणि एका विवाह-संकेतस्थळाने रंगानुसार स्थळं निवडण्याची सोय बंद केली. नावं बदलली. उजळ वधूची मागणी दुसऱ्या शब्दांत चालूच राहिली.

हसण्यावारी नेलेली गोष्ट नेहमी हसण्यावारीच राहते असंही नाही. इशांतच्या त्या पोस्टच्या साडेतीन महिने आधी, जानेवारी २०१४ मध्ये, दिल्लीच्या लाजपतनगरात अरुणाचल प्रदेशातला निडो तानिया हा विद्यार्थी पत्ता विचारायला एका दुकानापाशी थांबला. दुकानातल्यांनी त्याच्या केसांवरून, दिसण्यावरून टिंगल केली. तो चिडला, दुकानाची काच फुटली, मग त्याला मारहाण झाली आणि दुसऱ्या दिवशी तो गेला. त्यानंतर केंद्र सरकारने बेझबरुआ समिती नेमली आणि ईशान्येकडच्या लोकांना शहरांत काय ऐकावं लागतं याची सरकारदरबारी नोंद झाली. काळू म्हणणाऱ्या खेळाडूंची या खुनशी टोळक्याशी बरोबरी करणं अन्यायाचं होईल. पण निडोला जे ऐकावं लागलं ते ऐकवणाऱ्यांनाही तेव्हा ती गंमतच वाटत होती. पुण्यात शिकणाऱ्या मणिपूर-नागालँडच्या मुलांना रिक्षात, बसमध्ये काय हाका ऐकाव्या लागतात ते त्यांच्या वर्गमित्रांना विचारावं. आणि वसतिगृहात 'कोट्यातला' म्हणून होणारी मस्करी तरी निराळ्या जातीची कुठे आहे?

यॉर्कशरची 'मस्करी'

सॅमीचं प्रकरण एका बोलण्यात मिटलं, म्हणून त्यात संस्था काय करतात हे दिसलं नाही. ते दिसायला इंग्लंडला जावं लागतं. पाकिस्तानी वंशाचा फिरकी गोलंदाज अझीम रफीक याने २०२० मध्ये यॉर्कशर काउंटीतल्या वंशवादावर तोंड उघडलं. क्लबने चौकशी करवली. त्याला छळ आणि दादागिरी सोसावी लागली हे मान्य झालं. मात्र एका सहकाऱ्याने त्याच्या पाकिस्तानीपणावरून वारंवार वापरलेली शिवी ही मित्रांमधली खेळीमेळीची मस्करी होती, असं अहवालाने ठरवल्याचं नोव्हेंबर २०२१ मध्ये बाहेर आलं आणि रान पेटलं. काही दिवसांत क्लबच्या अध्यक्षाला जावं लागलं, क्लबच्या हेडिंग्ले मैदानावरचे आंतरराष्ट्रीय सामने काढून घेण्यात आले आणि १६ नोव्हेंबरला रफीकने संसदीय समितीपुढे साक्ष दिली. जुलै २०२३ मध्ये क्लबला चार लाख पौंडांचा दंड झाला.

या प्रकरणात आपला चेतेश्वर पुजाराही येतो. यॉर्कशरकडून खेळताना त्याला 'स्टीव्ह' म्हणत, कारण चेतेश्वर म्हणणं जड जायचं. पुजारा हा जगातल्या सर्वांत शांत फलंदाजांपैकी एक, त्याने त्या वेळी काही आरडाओरडा केला नाही. भारतात ही बातमी आली तेव्हा मात्र आपले लोक चांगलेच भडकले. गोऱ्यांना तीन-चार अक्षरं उच्चारता येत नाहीत म्हणजे काय! राग योग्यच होता. सतरा महिन्यांपूर्वी सॅमीला 'फार मनाला लावून घेतो' म्हणणाऱ्यांतलेच काही जण आता पुजाराच्या बाजूने लढत होते, एवढंच नमूद करतो.

साक्षीनंतर दोन दिवसांत रफीकचे २०११ चे संदेश उजेडात आले. ज्यूंच्या कंजूषपणावरचे शिळे विनोद त्याने मित्राशी केले होते. त्याने विनाअट माफी मागितली. विरोधकांना हर्ष झाला, पण मला त्यात त्याची साक्ष खोटी ठरण्यासारखं काही दिसत नाही. उलट, चेष्टेचा मार खाणारा माणूस दुसऱ्या खोलीत स्वतःच तिसरा किंवा पहिला माणूस होऊन बसतो, याचा इतका स्वच्छ दाखला क्वचितच मिळतो.

सिडनी, जानेवारी २०२१

सॅमीच्या चित्रफितीला जेमतेम सात महिने झाले होते. भारताचा कसोटी संघ सिडनीत होता, कर्णधार अजिंक्य रहाणे. हैदराबादचा मोहम्मद सिराज दुसरीच कसोटी खेळत होता. सीमारेषेपाशी उभं असताना मागच्या स्टँडमधून त्याला आणि जसप्रीत बुमराला शिव्या ऐकू येत होत्या. तिसऱ्या दिवसाच्या खेळानंतर संघाने तक्रार नोंदवली. चौथ्या दिवशी, १० जानेवारीला, तेच पुन्हा सुरू झालं, तेव्हा सिराज थेट आत चालत आला. रहाणे त्याच्यासोबत पंचांकडे गेला. खेळ काही मिनिटं थांबला. मैदान सोडायचं असेल तर सोडा, असं पंचांनी सुचवल्याचं आणि रहाणेने त्याला नकार दिल्याचं सिराजने नंतर सांगितलं. आमची काहीच चूक नाही, आम्ही खेळायला आलोय, अशी रहाणेची भूमिका होती. बाहेर जायचं असेल तर त्या लोकांनी जावं.

पोलिसांनी सहा प्रेक्षकांना बाहेर काढलं. त्या महिन्याच्या अखेरीस क्रिकेट ऑस्ट्रेलियाने आपल्या चौकशीचं फलित जाहीर केलं: भारतीय खेळाडूंना वंशावरून शिवीगाळ झाली हे खरं, पण बाहेर काढलेले ते सहा जण ती करणारे नव्हते. ज्यांनी केली ते त्याच स्टँडमध्ये, हसणाऱ्या माणसांच्या मध्ये कुठेतरी बसले होते आणि ते सापडले नाहीत.